वाटेवरचा थांबा आणि चाकाची खुर्ची

नागपूरहून अमरावतीस जाणाऱ्या हमरस्त्यावर, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, तळेगाव नावाचे गाव लागते. महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ आहेत. एक पुण्याजवळचे दाभाड्यांचे, एक अमरावती जिल्ह्यातील दशासरचे. त्यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून ह्या तळेगावाच्या नावापुढे कंसात 'श्यामजी पंत' असे लिहिण्याची वहिवाट आहे. येथून एक वाट दक्षिणेस आर्वीकडे फुटते, दुसरी उत्तरेस आष्टीकडे जाते. राज्य परिवहनाचे आगारही येथे आहे. भोवतालचा मुलूख संत्र्यांच्या बागांचा. असे हे गाव कोणाच्या सहलीचे अखेरचे ठिकाण नसते. ते थांब्याचे गाव आहे. येथे प्रवासी पंधरावीस मिनिटे उतरतात, आखडलेले पाय मोकळे करतात, चहा घेतात, देहधर्म उरकतात आणि पुढच्या वाटेस लागतात.

प्रवासवर्णनांत अशा थांब्यांना स्थान मिळत नाही. लेखक देवालयाचे शिखर वर्णितो, डोंगरावरचे धुके वर्णितो; वाटेत कोठे उतरला आणि तोंड कोठे धुतले हे सांगण्याच्या भरीस तो पडत नाही. धडधाकट माणसाला त्याची आठवणही राहत नाही. परंतु ज्याचे पाय चालत नाहीत, त्याच्या प्रवासाचा निकाल पुष्कळदा ह्या पंधरा मिनिटांतच लागतो.

नागपूरच्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. दिवाळीच्या सुटीत मंडळी मोटारीने निघाली आहेत. बेत मोठा चांगला आहे. वाटेत मोझरीचे गुरुकुंज पाहावयाचे, अमरावतीस अंबादेवीचे दर्शन घ्यावयाचे आणि तेथून पुढे चिखलदऱ्यास दोन दिवस राहावयाचे. घरातील वडील माणूस पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आहे. त्यालाही हौसेने बरोबर घेतले आहे. खुर्ची घडी करून मोटारीच्या मागे ठेवली आहे. थांबा आला. मुले उड्या मारीत उतरली, बायकामाणसे उतरली. उपाहारगृहाच्या दाराशी तीन पायऱ्या. शौचकूप मागील बाजूस, त्याचे दार जेमतेम दोन फुटांचे आणि तिथवर जाण्याची वाट सैल खडीची. सून विचारते, "बाबा, उतरता का? आम्ही चौघे मिळून उचलू." बाबा म्हणतात, "नको ग, मला काहीच नको. तुम्ही घ्या चहा करून." चहाचा पेला खिडकीतून आत येतो आणि तो बाबा तसाच परत करतात. चहा त्यांना आवडत नाही असे नव्हे. चहा प्याल्यावर पुढे काय होईल, ह्याचा हिशेब त्यांनी निघण्याच्या आदल्या रात्रीच करून ठेवलेला असतो.

हा हिशेब अपंग प्रवाशांच्या घरोघर चालतो. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडावयाचे, सकाळी कोरडे निघावयाचे, वाटेत ओठ ओले करण्यापलीकडे काही घ्यावयाचे नाही. ही गोष्ट केवळ गैरसोयीची नाही. पाठीच्या मज्जारज्जूस इजा झालेल्या माणसाचे मूत्राशय मुळातच नीट रिकामे होत नाही. त्यात पाणी कमी पडले की जंतुसंसर्ग, ताप आणि मूत्रपिंडाचे विकार मागे लागतात. शिवाय ज्या अंगाला संवेदना नाही, ते अंग एकाच जागी दाबले गेले तरी माणसाला कळत नाही. तेथील रक्तपुरवठा थांबून कातडी मरते आणि शय्याव्रण होतो. म्हणून बसल्याबसल्या मधूनमधून अंगाचा भार हलविण्यास आणि लांबच्या वाटेत उतरून विसावा घेण्यास वैद्य सांगतात. एका दिवसाच्या सहलीत झालेली जखम भरून येण्यास कित्येक महिने अंथरुणात काढावे लागल्याची उदाहरणे रुग्णालयांतून नित्य दिसतात. दुसऱ्या खेपेस बेत ठरतो तेव्हा मग घरचेच म्हणतात, "तुम्हाला दगदग नको, तुम्ही घरीच थांबा." ह्यात कोणाचाही दुष्टावा नसतो. तरी त्या दिवसापासून त्या माणसाचे जग घराच्या चार भिंतींएवढे होऊन बसते.

असे लोक फार थोडे असावेत, हा समज चुकीचा आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक होत्या. ह्या आकड्यांत गुडघे धरलेल्या आजीबाई नाहीत, पायाचे हाड मोडून तीन महिने खुर्चीत बसलेला तरुण नाही आणि दिवस भरत आलेली गर्भवतीही नाही. असा काळ प्रत्येक घरावर केव्हा ना केव्हा येतो. तथापि वाटेवरच्या दुकानदाराला विचारले तर तो प्रांजळपणे सांगेल की, आपल्याकडे खुर्चीवरचे गिऱ्हाईक कधी येतच नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. पायऱ्या आहेत म्हणून गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून पायऱ्या तशाच राहतात.

अपंगांच्या यात्रेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. आंधळ्या मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेस नेणारा श्रावण घराघरांत ठाऊक आहे. त्याच्या भक्तीविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्या कथेची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाही. त्या दोघांची सारी यात्रा एका मुलाच्या खांद्यावर तोलली होती. दशरथाचा बाण त्या एका खांद्याला लागला आणि यात्रा तेथेच संपली. जो प्रवास दुसऱ्याच्या बळावर सर्वस्वी अवलंबून असतो, त्याला असा शेवट केव्हाही येऊ शकतो. मुलगा परगावी नोकरीस गेला, भाऊ आजारी पडला, चौथा उचलणारा मिळाला नाही, की देवदर्शन राहिले.

डोलीचीही गोष्ट तशीच. घारापुरीच्या पायऱ्यांवर आणि अजिंठ्याच्या लेण्यांत डोलीवाले वृद्धांना खांद्यावरून नेत आले आहेत, आणि जेथे दुसरा मार्गच नाही तेथे त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण उचलून नेले जाणे आणि स्वतः जाणे ह्यांत अंतर आहे. उचलले जाणाऱ्या माणसाला कोठे थांबावयाचे, कोणते चित्र दोन घटका न्याहाळावयाचे, हे ठरविता येत नाही. परक्या हातांनी अंगाला कोठे धरले, पाय कसे लोंबकळले, पदर सावरला की नाही, ह्याची लाज त्याची त्यालाच सोसावी लागते. अनभ्यस्त माणसांनी उचलताना हात सुटून हाड मोडण्याचाही धोका असतो. वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये रुळांवरून चढणारी गाडी सुरू झाली, तेव्हा शेकडो पायऱ्यांच्या वाटेस एक पर्याय निर्माण झाला. कृपा झाली तर पंगूही पर्वत ओलांडतो, अशी श्रद्धा बाळगणाऱ्या समाजाने सहा इंचांच्या पायरीकडे दुर्लक्ष करावे, हे विसंगत आहे.

सहा इंचांच्या पायरीला काय लागते, ते पाहावे. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण सरकारी मार्गदर्शक सूत्रांत एकास बारा असे दिले आहे. म्हणजे जितके इंच चढावयाचे तितके फूट लांबीचा उतार. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट. तीन पायऱ्यांचा दीड फुटी ओटा असेल तर अठरा फूट. रुंदी चार फूट असावी, दोन्ही बाजूंस कठडा असावा आणि वर दाराशी खुर्ची वळविता येईल एवढी सपाट जागा असावी. हे प्रमाण मोडून ओट्याला एखादी फळी उभी टेकविली, तर तिचा उतार न होता घसरगुंडी होते. खुर्ची मागे उलटते आणि ढकलणाराही पडतो. पुष्कळ ठिकाणी उतार म्हणून जे बांधलेले दिसते ते तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुरतेच असते.

दाराची रुंदी ही दुसरी गोष्ट. साधी खुर्ची पंचवीस ते सत्तावीस इंच रुंद असते आणि चाक फिरविणाऱ्या हाताच्या बोटांनाही जागा लागते. म्हणून दार सुमारे तीन फुटांचे हवे. आपल्याकडील न्हाणीघरांची दारे बहुधा अडीच फुटांच्या आत असतात. माणूस हजार कोसांवरून येतो आणि तीन इंचांसाठी दाराबाहेर राहतो. शौचकूपात पाच फूट व्यासाचे वर्तुळ मोकळे असावे, बैठक उंच असावी, भिंतीस धरावयास पक्का दांडा असावा आणि दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत उघडणारे दार खुर्ची आत गेल्यावर लावताच येत नाही. फरशी गुळगुळीत नसावी आणि वाट सैल खडीची नसावी, कारण खुर्चीची पुढची लहान चाके खडीत रुततात. ह्या यादीत असे काही नाही की जे गावच्या गवंड्याला आणि सुताराला करता येऊ नये.

ह्या बाबतीत सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपंगांना रेल्वेच्या आणि राज्य परिवहनाच्या भाड्यात मोठी सवलत आहे. रेल्वेत सोबतच्या माणसालाही ती मिळते. १९९५ साली अपंग व्यक्तींविषयीचा पहिला व्यापक कायदा झाला. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. त्या कराराच्या तिसाव्या कलमात करमणूक, पर्यटन आणि शक्य तितकी स्मारकस्थळेही अपंगांना खुली असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान निघाले. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि सार्वजनिक इमारती व वाहने सुगम करण्याचे बंधन घातले. ह्या कायद्याखालील नियमांत सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात राहिली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत करण्याचा आदेश दिला. परंतु ज्याला गाडीत चढताच येत नाही, त्याच्या खिशातील सवलतीच्या दाखल्याला काय किंमत? तिकीट स्वस्त झाले. गाडीची पायरी मात्र होती तेथेच राहिली.

सोय करावयाची ठरविली तर ती होऊ शकते, ह्याचा पुरावा २००१ च्या जानेवारीत मिळाला. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईच्या परिषदेसाठी भारतात आले आणि पुढे दिल्लीस गेले. त्यांच्या खुर्चीसाठी कुतुबमिनार, हुमायूनची कबर अशा वास्तूंत लाकडी उतार बसविण्यात आले. शतकानुशतके उभ्या असलेल्या त्या वास्तूंना त्यामुळे कोणताही अपाय झाला नाही. पण एका थोर पाहुण्यासाठी जे घडले, ते अनाम प्रवाशासाठी रोज घडले पाहिजे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ च्या नोव्हेंबरात अपंगांना लाटांजवळ नेणारी २६३ मीटर लांबीची लाकडी वाट खुली झाली. ज्यांनी सारा जन्म त्या शहरात काढला, अशा कित्येकांनी समुद्र प्रथमच जवळून पाहिला. पंधरवड्याच्या आतच वादळाने त्या वाटेचा काही भाग उखडला. तो पुन्हा दुरुस्त करण्यात आला. बांधण्याइतकेच बांधलेले राखणेही महत्त्वाचे, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

महाराष्ट्रात ह्या विषयाला स्वतःच्या अनुभवाचे बळ देणाऱ्या व्यक्तींत कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचे नाव अग्रभागी आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांचे पाय गेले. १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली आणि आपल्या आत्मचरित्राला 'चाकाची खुर्ची' असेच नाव दिले. ज्या वस्तूचे नाव उच्चारताना घरचे लोक आवाज खाली आणतात, तीच त्यांनी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आणली. खुर्ची ही बंधन नव्हे. बंधन खुर्चीपुढील पायरीत आहे. खुर्ची हे तर बाहेर पडण्याचे साधन आहे.

खुद्द वर्धा जिल्ह्यातही ह्या विचाराला एक जुना आधार सापडतो. कुष्ठरोगाने जर्जर झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामास आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले. त्यांच्यासाठी कुटी उभी राहिली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. ती परचुरे कुटी आजही आश्रमात दाखविली जाते. पाहुणा घराच्या मापात बसला नाही, तेव्हा यजमानाने घराचे माप बदलले. ज्या जिल्ह्यात हे घडले, त्या जिल्ह्यातील रस्त्यावरून जाणाऱ्या पाहुण्यासाठी तीन पायऱ्यांचा उतार होणे अवघड वाटू नये.

प्रत्येक स्थळ सुगम करता येईल, असा आग्रह मात्र कोणी धरू नये. गाविलगडाचे बुरूज सपाट करावयाचे नाहीत आणि कौंडण्यपुरास वर्धेच्या काठावरचे सारे घाट फोडावयाचे नाहीत. काही स्थळे दुरूनच पाहावी लागतील. पण दुरून कोठून पाहावे, खुर्ची कोठपर्यंत जाते आणि कोठे थांबते, हे खरेखरे सांगणे तरी शक्य आहे. खरी माहिती ही अर्धी सोय आहे. दूरध्वनीवरून 'सोय आहे का?' असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी 'या, या, सगळी सोय आहे, आमची माणसे उचलून नेतील' असेच उत्तर येते. म्हणून प्रश्नच निराळे असावेत. दाराशी पायऱ्या किती? न्हाणीघराचे दार किती इंचांचे? शौचकूप बैठकीचा की उंच आसनाचा? मोटार दारापर्यंत येते काय? इंचांत विचारलेल्या प्रश्नाला इंचांत उत्तर द्यावे लागते. तेथे आदरातिथ्याच्या गोड शब्दांवर भागत नाही.

घरच्यांनीही काही पथ्ये पाळावीत. निघण्यापूर्वी खुर्चीची रुंदी मोजून लिहून ठेवावी. बसण्याची गादी, चाकात हवा भरण्याचा पंप, औषधे आणि नळीचे साहित्य हाताशी असावे. शक्य असेल तर घडीची उतरण बरोबर न्यावी. आणि ऋतू जपून निवडावा. विदर्भाचा वैशाख धडधाकटांनाही सोसत नाही. मज्जारज्जूस वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला तर इजेच्या खालच्या अंगाला घामच नीट येत नाही. शरीर निवत नाही आणि उष्माघाताचा धोका फार वाढतो. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस ह्या प्रवासास उत्तम. त्याच दिवसांत तळेगाव-आष्टीकडच्या बागांत आंबिया बहाराची संत्री उतरतात. १९४२ च्या १६ ऑगस्टला ज्या आष्टीत लोक स्वातंत्र्यासाठी प्राणास मुकले, ते गावही ह्याच वाटेवरून जवळ आहे. खुर्चीवरच्या आजोबांना तो इतिहास नातवंडांना तेथेच सांगता आला, तर सहलीचे सार्थक होईल.

आणखी एक पथ्य उपाहारगृहाच्या माणसांसाठी आहे. खुर्चीवरचा मनुष्य दिसला की वाढपी त्याच्या सोबत्याला विचारतो, "ह्यांना काय आणू?" खुर्चीवरच्या माणसाला कान आहेत, जीभ आहे आणि बहुधा पैशाचे पाकीटही त्याच्याच खिशात आहे. त्यालाच विचारावे. मदत करण्यापूर्वीही विचारावे. न विचारता ढकललेली खुर्ची म्हणजे न विचारता दंड धरून ओढलेला माणूसच होय.

ह्या कामास फार मोठी योजना लागत नाही. ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावी लागते. कोणत्याही हमरस्त्यावरील थांब्याच्या गावाने त्या रकमेचा थोडा अंश एका सुगम शौचकूपासाठी योजावा. उपाहारगृहाच्या मालकाने ओट्याला एक नीट मोजलेला उतार बांधावा आणि एक मेज असे ठेवावे की ज्याखाली खुर्चीवरच्या माणसाचे गुडघे जातील. बसस्थानकाने दाराचे माप एकदा तपासावे. पन्नास-साठ किलोमीटरांवर असा एक थांबा मिळाला, तर नागपूर-अमरावतीची वाट कितीतरी बंद घरांना खुली होईल. पुढची स्थळे त्यामागून सुधारतील; कारण वाटेवरून माणसे येऊ लागली की दारे रुंद करण्याची निकड दाराच्या मालकाला आपोआप कळते. आणि मग आदल्या रात्री पाणी न तोडता, कोणाची क्षमा न मागता, खुर्चीवरचा प्रवासीही चारचौघांबरोबर उतरून चहाचा पेला सुखाने रिकामा करील.